दिलदार गोलकीपरची पत्रं

आमच्या गल्लीत राहायचं तर दोन आवाज सोसावे लागतात. एक माझ्या पिठाच्या गिरणीचा आणि दुसरा हुस्नाचाचीचा. गिरणीला निदान बटण आहे.

हुस्नाचाची म्हणजे हुस्ना दिलदार शिकलगार. सत्तरीला टेकलेली, बुटकी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि दिवसभर शिलाई मशीनवर. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज आणि पिंपळपार तालमीच्या फुटबॉल संघाच्या जर्सी ती एकाच मशीनवर शिवते. ब्लाउजला उशीर झाला म्हणून कोणी कुरकुर केली तर म्हणते, "लग्न काय पळून चाललंय व्हय?" जर्सीला मात्र आजवर एकदाही उशीर झालेला नाही.

तालमीचं जरा सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम. तिथं पूर्वी पैलवान घुमायचे, आता पोरं फुटबॉल खेळतात. आमची पिंपळपार तालीम आणि रस्त्यापलीकडची नागझरी तालीम. मधे एक रस्ता, एक वडापावची गाडी आणि तीन पिढ्यांचं वैर. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या लग्नाला जातात, मयताला खांदा देतात आणि मॅचच्या दिवशी एकमेकांचा उद्धार करतात. मला यातलं काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. एका चेंडूमागं बावीस बाप्ये धावतात आणि त्या दिवशी दळण टाकायला कोणी येत नाही, एवढंच माझं फुटबॉलचं ज्ञान. मी आजऱ्याची. आमच्याकडं काजू फोडतात, डोकी नाही.

चाचीचा नवरा दिलदारचाचा तरुणपणी पिंपळपारचा गोलकीपर होता. चाची तेव्हा गोलच्या पाठीमागं असलेल्या बायकांच्या गॅलरीत बसून मॅच बघायची आणि घरी आल्यावर त्याला सांगायची, कुठं चुकलास. तो म्हणायचा, तुला काय कळतंय. मग जे सुरू व्हायचं ते सोमवारी सकाळी दूधवाला येईपर्यंत चालायचं. चाचाचं खेळणं सुटलं, केस गेले, दात गेले, पण रविवारचं भांडण सुटलं नाही. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की आम्हाला आधी जाऊन सांगावं लागायचं, घाबरू नका, तो त्यांचा संसार आहे.

चाचा वारला आणि रविवारी संध्याकाळी त्या घरातून आवाज येईनासा झाला. चाची माझ्या गिरणीत येऊन बसायची. "क्रांते, आज त्यो कॉर्नर बघितलास काय?" मी म्हणायची, "चाची, गहू काढा आधी." मग ती गप्प बसायची. चाची गप्प बसली की मला भीती वाटते.

अशात आमच्या पेठेच्या वाचनालयात प्रियदर्शनी नावाची एक मुलगी आली. तिची एक संस्था होती. तुरुंगात ज्यांना भेटायला कोणी येत नाही, पत्र लिहायलाही कोणी उरलेलं नाही, अशा माणसांना बाहेरच्या माणसांनी पत्रं लिहायची, असं त्या संस्थेचं काम. चाची तिथं गेली ती वाचनालयात नवा पंखा बसवलाय हे ऐकून. मी गेले ती चाची एकटी काय गोंधळ घालेल या काळजीनं.

प्रियदर्शनीनं नियम सांगितले. आपलं खरं नाव द्यायचं नाही. पत्ता द्यायचा नाही, पत्रं संस्थेमार्फत जातील. गुन्हा काय केला ते विचारायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कसलंही वचन द्यायचं नाही.

"मग लिहायचं काय? पाऊसपाणी?" चाचीनं विचारलं.

"गप्पा मारायच्या, आजी. आपल्या आयुष्यातल्या साध्या गोष्टी."

टोपणनावाच्या जागी चाचीनं क्षणभर विचार केला आणि दिलदार असं लिहिलं. मी कोपर मारलं. ती म्हणाली, "खरं नाव देऊ नका म्हणली की न्हाय ती? माझं हाय काय ते नाव?"

चाचीचं लिहिणं म्हणजे मापं लिहिण्यापुरतं. तेव्हा ठरलं असं की ती सांगणार आणि मी गिरणीच्या फळीवर कागद ठेवून लिहिणार. तोंड तिचं, हात माझा. पुरुष होण्यासाठी तिला फार कष्ट पडले नाहीत. आमच्या कोल्हापुरात बायका तशाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पहिलं पत्र असं गेलं:

'भावा, मी दिलदार. पिंपळपार तालमीचा गोलकीपर. लग्न झालंय. बायको चांगली हाय पण तोंडाळ हाय. तू नागझरीचा असलास तर हे पत्र इथंच फाड आणि मला परत लिहू नको. नसलास तर सगळं लिही. काय खातोस, झोप लागती का, पाठ दुखती का. गेल्या रविवारी मी पेनल्टी अडवली. उजवीकडं अशी झेप घेतली की पाठीवरचा एक नंबर पार चिखलात गेला. गॅलरी उठून उभी राहिली.'

ही पेनल्टी दिलदारचाचानं माझ्या जन्माच्या आधी कधीतरी अडवलेली होती. चाचीच्या हिशेबात तो गेलाच रविवार.

उत्तर आलं. पिराजी नावाचा माणूस. लिहिलं होतं, 'दिलदारभाई, तुमचं पत्र मिळालं. मी पिंपळपारचाच. म्हणजे गाव शिरोळकडचं, पण लहानपणी मामाकडं कोल्हापुरात शिकलो. मीही शाळेत गोलात उभा राहायचो. पाठ दुखते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं, नाहीतर कोण विचारतं.'

चाचीनं ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं आणि मग माझ्यावरच ओरडली, "बघतीस काय? लिही. पाठीला तीळतेल लाव म्हणावं."

"तिथं तीळतेल कुठनं मिळणार, चाची?"

"मग ताठ बस म्हणावं!"

दुसऱ्याच पत्रात तिनं नियम मोडला. 'काय केलंस ते सांग. मॅडम म्हणती विचारू नको, म्हणून विचारतो.' पिराजीनं लपवलं नाही. बांधावरून भांडण झालं, रागाच्या भरात चुलतभावाला फावडं मारलं, तो दवाखान्यात वारला. 'मी मारायला गेलो नव्हतो, पण मारलं मीच,' असं त्यानं लिहिलं होतं. त्या दिवशी चाचीनं मशीनला हात लावला नाही. मला वाटलं, संपलं प्रकरण. दुसऱ्या दिवशी ती आली आणि तिनं एवढंच सांगितलं, "लिही. वाईट केलंस. लई वाईट केलंस. आता जेवलास काय ते सांग."

मग वर्षामागून वर्षं पत्रं चालली. पिराजी आत शिलाई शिकला आणि त्यानं काज कसं करतात असं विचारलं. गोलकीपरनं त्याला काजं, चुण्या आणि बगलेतली कळी यावर दोन पानं लिहून पाठवली. मी म्हटलं, "चाची, गोलकीपरला ह्यातलं काय कळतंय?" ती म्हणाली, "बायको शिकवती त्याला. तोंडाळ हाय म्हणलं, अडाणी न्हाय म्हणलं."

पिराजीनं एकदा विचारलं, 'दिलदारभाई, राग मानू नका, पण पेपरात पिंपळपारचा कीपर म्हणून तोहिदचं नाव येतं.' चाची जराही डगमगली नाही. 'पेपरवाले नागझरीचे हाईत,' असं उत्तर गेलं. पुढच्या वेळी त्यानं विचारलं, 'तुमचं पत्र उघडलं की पीठ का सांडतं?' माझी तर पाचावर धारण बसली. चाचीनं टाचणी तोंडातून काढली आणि सांगितलं, "चुना हाय म्हणावं. गोलाच्या रेघेवर बसून लिहितो."

संस्थेत प्रत्येक पत्र आधी प्रियदर्शनी वाचायची. पहिल्यांदा नियम म्हणून वाचायची, मग पुढं काय झालं म्हणून वाचायला लागली. एकदा नागझरीविरुद्धची फायनल चाचीनं अर्ध्यात सोडली, 'बाकीचं पुढच्या पत्रात' असं म्हणून, तर त्या बाईचाच पुण्याहून फोन आला. "आजी, निदान मला तरी सांगा, गोल झाला का?" चाची म्हणाली, "मलाबी रविवारपातूर दम धरावा लागतोय, तू बी धर."

आणि मग पिराजीच्या सुटकेचं पत्र आलं. शिक्षा संपत आली होती. एरवी तो माणूस दोन विनोद केल्याशिवाय पत्र संपवायचा नाही. ह्या पत्रात एकही नव्हता. 'घरचं दार मला बंद आहे आणि ते बरोबरच आहे. मामा कधीच गाव सोडून गेला. इतकी वर्षं सुटायची वाट बघितली, आता सुटायची भीती वाटते. गेटच्या बाहेर कोणी नसलं तर मी डावीकडं जायचं की उजवीकडं, एवढंसुद्धा मला ठरवता येणार नाही.'

मी वाचून थांबले. चाचीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"लिही," ती म्हणाली. "मी येतो म्हणावं गेटवर. एक नंबरची जर्सी घालून. तिथनं कट्ट्यावर नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजतो."

"चाची! कोण येतो? दिलदारचाचा?"

"लिही म्हणतो न्हवं मी!"

मी लिहिलं. पत्र हातात पडताच प्रियदर्शनीचा फोन आला. वचन द्यायचं नाही हा आपला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे, तो माणूस गेटवर उभा राहील आणि कोणी आलं नाही तर त्याचं काय होईल, याचा काही विचार केलात का? चाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मी कुठं वचन दिलंय? दिलदारनं दिलंय." आणि फोन माझ्या हातात दिला. पत्र मात्र प्रियदर्शनीनं अडवलं नाही.

पण मी रात्रीच्या भाकरी थापत असताना तीच चाची माझ्या दारात आली. आवाज खाली गेलेला. म्हणाली, "क्रांते, त्येला म्हातारी दिसली तर काय वाटंल गं? एवढी वर्षं एका बाईनं आपल्याला फसवलं असं वाटून परत फिरला तर? जायाचं कुठं त्येनं?" मी तिला एवढी घाबरलेली चाचा गेला तेव्हासुद्धा पाहिली नव्हती.

माझी चूक अशी झाली की त्या वेळी माझा नवरा सम्राट ताटावर बसलेला होता. चाचीनं त्याच्याकडं वळून बघितलं, खालपासून वरपर्यंत मापं घ्यावीत तसं.

सम्राट रिक्षा चालवतो. जन्मात चेंडूला लाथ मारलेली नाही. गोलात उभा राहिला तर गोल भरून जाईल हे खरं, पण त्यात कौशल्य काही नाही. चाचीनं ट्रंकेतून दिलदारचाचाची जुनी एक नंबरची जर्सी काढली. ती सम्राटच्या छातीपाशीच अडली. मग दोन्ही बाजू उसवून तिनं ब्लाउजपीसच्या पट्ट्या जोडल्या. रंग मिळताजुळता होता, पण उजेडात जरीची बुट्टी चमकायची.

आठवडाभर गिरणीसमोर त्याची शिकवणी चालली. चाची विचारायची, "फायनलला गोल कुणी मारला?" सम्राट म्हणायचा, "मी." "गोलकीपर गोल मारत असतोय व्हय रं मर्दा?" गल्लीतली माणसं दळणाचे डबे घेऊन मुद्दाम वेळ काढत उभी राहायची. माझा धंदा त्या आठवड्यात चांगला झाला, पण नवऱ्याची शोभा झाली ती झालीच.

सुटकेच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं रिक्षानं गेटवर गेलो. चाचीनं ईदची साडी नेसली होती आणि वर मला बजावलं होतं, "मी कोण, तर दिलदारची बायको. दुसरं काय बोलायचं न्हाय." सम्राट पुढं, आम्ही दोघी चार पावलं मागं.

गेटातलं लहान दार उघडलं आणि एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. पांढरे केस, अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. दारापुढंच थांबला. त्यानं डावीकडं बघितलं, मग उजवीकडं बघितलं. तेवढ्यात त्याला सम्राट दिसला. नाही दिसायला काय झालं, ऊन जरीवर पडलं होतं.

"दिलदारभाई?" तो जवळ येऊन म्हणाला.

"व्हय, मीच," सम्राटनं पोट आत घेतलं.

"लई दिवसांची इच्छा हुती भेटायची. एक सांगा मला. पहिल्या पत्रातली ती पेनल्टी तुमी कुठल्या बाजूला अडवली?"

सम्राटनं वळून चाचीकडं बघितलं. चाची उजवा हात हलवायला लागली. चाचीचा उजवा म्हणजे आपला डावा की उजवा, या घोळात तो पडला असावा. शेवटी म्हणाला, "दोन्ही."

पिराजी हसला. मोठ्यानं हसला, आणि मग बराच वेळ त्याला हसू आवरेना. हसत हसतच सम्राटच्या बाजूनं पुढं आला, चाचीसमोर उभा राहिला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

"नमस्कार, दिलदारभाई," तो म्हणाला.

चाचीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी तिला असं फक्त त्या एकाच दिवशी पाहिलं.

"कधी... कधी कळलं रं तुला?"

"पहिल्याच पत्रात, चाची. पाठीवरचा नंबर चिखलात गेला म्हणून लिहिलंतं. मी बी गोलात उभा राहिलोय की. कीपरला आपली पाठ दिसत न्हाय. चेंडू येताना दिसतोय, पोरांचे पाय दिसत्यात. तुमची प्रत्येक झेप पाठीमागनं. आणि गोलच्या पाठीमागं काय हाय? बायकांची गॅलरी. म्हणलं, ही कुणीतरी बाई हाय आणि हिचा त्या कीपरवर लई जीव हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आणि ह्या कोण? चुना का?"

मी, गिरणीची मालकीण, तिथं रस्त्यावर तोंडाला पदर लावून हसले आणि रडले, दोन्ही एकदम. चाचीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "मग बोलला का न्हाईस इतकी वर्षं?"

"बोललो असतो तर लिहिणं थांबवलं असतं तुमी."

आम्ही कट्ट्यावर गेलो. कट्टा म्हणजे जिथं म्हशी आणून बांधतात आणि समोर धार काढून देतात ती जागा. पिराजीनं पेला दोन्ही हातांनी धरला. दुधाचा फेस मिशीला लागला तरी त्यानं पुसला नाही. चाची रंगात आली होती. भीती उतरली होती, तोंड सुटलं होतं. ती त्याला फायनलची हकीकत सांगत होती, आता बाईमाणूस म्हणून, गॅलरीतून. शेवटची मिनिटं, डावीकडून आलेला पास आणि पिंपळपारचा तो गोल, ज्यानं नागझरीच्या हातातला कप काढून घेतला.

"त्यो ऑफसाइड हुता," पिराजी म्हणाला.

सम्राटच्या हातातला पेला हवेतच थांबला. इतकी वर्षं कोल्हापुरात काढल्यावर एवढं मलाही कळत होतं, की तो गोल ऑफसाइड होता असं जगात फक्त एकाच रस्त्याच्या एकाच बाजूची माणसं म्हणतात.

"काय म्हणलास?" चाची उभी राहिली.

पिराजीनं जीभ चावली, पण बाण सुटला होता. "ऑफसाइड हुता, चाची. मी गोलच्या बाजूलाच उभा हुतो. हातभर पुढं हुता त्यो."

"तू नागझरीचा हाईस!"

"मामाचं घर नागझरीत हुतं."

"पिंपळपारचाच म्हणून लिहिलंस मला! शिकलगाराच्या बायकोला फसवलंस!"

"तुमी लिहिलंतं, नागझरीचा असलास तर फाड आणि परत लिहू नको." पिराजीचा आवाज एकदम बारीक झाला. "मला कुणाचं तरी पत्र पायजे हुतं."

चाची रिक्षात जाऊन बसली. "सम्राट, चल!"

सम्राट हलला नाही. पिराजीनं पेला खाली ठेवला, पिशवी उचलली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग माझं डोकं सणकलं. मी रिक्षापाशी गेले आणि भर कट्ट्यावर ओरडले, "चाची, ह्यानं माणूस मारला ते तुमी पचवलं! जेवलास काय म्हणून विचारलं त्याला! आणि आता एका चेंडूसाठी त्याला रस्त्यावर टाकताय? तुमी मेलेल्या नवऱ्याच्या नावानं पत्रं लिहिली ते चाललं आणि त्यानं मामाची पेठ लपवली ते चालत न्हाय?"

म्हशीसुद्धा माझ्याकडं बघायला लागल्या. चाचीची हनुवटी हलत होती. मग तिनं रिक्षातून मान बाहेर काढली.

"ए ऑफसाइड!" ती ओरडली. "तिकडं काय बघतोस? बस की रिक्षात!"

तो आला. चाची सरकली, पण सलोख्याचं काही बोलली नाही. "रविवारी मॅच हाय. तू तुझ्या माणसांत बसायचं. संपलं की जेवायला घरी यायचं."

"आणि नागझरी जिंकली तर?"

"तर लवकर यायचं. घरात भांडायला कोण न्हाय रं मला."

पिराजी आता माझ्या गिरणीच्या माळ्यावर राहतो. डोक्याचे केस आधीच पांढरे, त्यामुळं पिठाचा प्रश्न येत नाही. दिवसा चाचीकडं दुसऱ्या मशीनवर बसतो. ब्लाउज वेळेवर मिळायला लागले म्हणून गल्ली खूष आहे. तो नागझरीचा आहे हे तालमीत अजून कोणालाही माहीत नाही आणि तुम्हीही कुठं बोलू नका, कारण पिंपळपारच्या यंदाच्या सगळ्या जर्सी त्यानं शिवल्यात. कॉलरच्या आतल्या बाजूला, जिथं कोणी बघत नाही तिथं, तो नागझरीच्या रंगाचा एक टाका घालतो. चाचीला ते माहीत आहे. ती तो टाका उसवते आणि तो परत घालतो. रविवारी संध्याकाळी चाचीच्या घरातून असा आवाज येतो की गिरणी चालू आहे की बंद हे मला कळत नाही. परवाच गल्लीत नवं बिऱ्हाड आलं, त्यांना जाऊन सांगितलं, घाबरू नका.

प्रियदर्शनीनं चाचीला आता दुसरा एक माणूस दिलाय, लांबच्या तुरुंगातला. दिलदार पुन्हा लिहायला बसला. मी फळीवर कागद घेतला, चाची सांगायला लागली, "मग मी डावीकडं झेप घेतली आणि माझ्या पाठीवरचा..."

"चाची," पिराजी मशीनवरून म्हणाला, "पाठ आली परत."

"मग तूच सांग की शहाण्या. काय दिसतंय कीपरला?"

पिराजीनं सुई वर घेतली आणि विचार केला. "पहिल्या हाफात समोर सगळं मैदान दिसतंय. आपल्याच पोरांच्या पाठी. चेंडू लांब गेला की लई एकटं वाटतंय. दुसऱ्या हाफात बाजू बदलत्यात, मग कीपर पलीकडच्या गोलात आणि तोंड समोरच्या गोलाकडं."

"समोरच्या गोलाकडं म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या गॅलरीकडंच की. सगळ्या बायका समोर दिसत्यात. चेंडू पलीकडं असला की कीपरला दुसरं काय काम असतंय? आपलं माणूस हुडकत बसायचं."

चाचीचं मशीन थांबलं.

"दुसऱ्या हाफात?" तिनं विचारलं.

"व्हय. सगळा हाफ."

"मी दुसऱ्या हाफात शेंगा खात बसायचो रं," चाची म्हणाली. "त्यो लांब गेला, आता काय दिसतंय म्हणून. बायकांबरुबर गप्पा मारत शेंगा खायचो." ती हसायला गेली आणि तिला हसता येईना. डोळे भरून आले तसे तिनं ते पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. एवढ्या वर्षांच्या भांडणात चाचानं हे तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

मग तिनं नाक पुसलं आणि माझ्यावर ओरडली, "बघतीस काय, क्रांते? लिही! दुसऱ्या हाफात मी गॅलरीकडं बघितलं. तिथं माझी बायको शेंगा खात हुती."

मी लिहिलं. त्या दिवशी पिराजीनं ऑफसाइडचं नाव काढलं नाही.